निकेलच्या पातळ फिल्मचे चुंबकन पुस्तकातल्या आकड्याशी का जुळत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने सिलिकॉनच्या तुकड्यांवर निकेलच्या १०, २०, ६० आणि १५० नॅनोमीटर जाडीच्या फिल्म केल्या. पद्धत औष्णिक बाष्पीभवनाची होती, चेंबरमधील दाब ५ मायक्रो-मिलिबार होता, जमा होण्याचा वेग सेकंदाला ०.१ नॅनोमीटर होता आणि सबस्ट्रेट, म्हणजे फिल्मखालचा सिलिकॉनचा तुकडा, २०० अंश सेल्सिअसला तापवलेला होता. प्रत्येक फिल्मचा ५ मिलिमीटर बाजूचा चौकोनी तुकडा व्हीएसएमवर (नमुना कंपित करून चुंबकन मोजणाऱ्या यंत्रावर) मोजला, तेव्हा संपृक्त चुंबकन, म्हणजे बाहेरचे क्षेत्र आणखी वाढवले तरी न वाढणारे चुंबकन, अनुक्रमे ३४५, ५३०, ४६२ आणि ४७६ ईएमयू प्रति घन सेंटिमीटर आले. पुस्तकातला आकडा ४८५ आहे. कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकन शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र, चारही फिल्ममध्ये ७० ते ११० एर्स्टेडच्या (एर्स्टेड हे क्षेत्राचे एकक) दरम्यान आहे, तर चांगल्या अॅनील केलेल्या निकेलच्या ठोकळ्यात ती एखाद्या एर्स्टेडच्या आसपास असते. एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तनावरून) फिल्ममधल्या स्फटिककणांचा आकार १५ ते २० नॅनोमीटर निघतो. १५० नॅनोमीटरच्या फिल्मचा हिस्टेरेसिस लूप (क्षेत्र पुढेमागे बदलताना चुंबकनाचा मिळणारा बंद वक्र) तिरका, लांबट आणि कमी रेमनन्सचा, म्हणजे क्षेत्र काढल्यावर कमी चुंबकन उरणारा, दिसतो. १० नॅनोमीटरचा लूप १२ एर्स्टेडने एका बाजूला सरकलेला आहे. हे सगळे 'नॅनो परिणाम' म्हणून प्रबंधात लिहावे का, आणि पुढची फिल्म २ नॅनोमीटरची करावी का, असे तिने विचारले आहे.

तुमच्या मोजमापांत दोष काढण्यासारखे फारसे नाही. मात्र या पाच निरीक्षणांपैकी एकालाही मी आज 'नॅनो परिणाम' म्हणणार नाही. त्यांतली तीन निरीक्षणे सबस्ट्रेट २०० अंशांना तापवण्याच्या एकाच निर्णयाकडे बोट दाखवतात. चौथ्यामागे, म्हणजे २० नॅनोमीटरच्या फिल्मच्या जास्तीच्या आकड्यामागे, बहुधा धुळीचा एक कण आहे. पाचव्यामागे बहुधा यंत्र. प्रत्येकाचा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे पुढच्या वेळी तो तुम्हाला स्वतः करता येईल.

आधी एक भेद मनात पक्का करावा लागतो. संपृक्त चुंबकन हा धातूचा गुण आहे. निकेलच्या प्रत्येक अणूवर सरासरी ०.६ बोर मॅग्नेटॉनइतका चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबक म्हणून त्याची ताकद, असतो, आणि तो त्या धातूच्या इलेक्ट्रॉन रचनेतून येतो. दहा नॅनोमीटर जाडीत निकेलच्या अणूंचे जवळपास पन्नास थर मावतात. त्यातले वरचे आणि खालचे दोन-चार थर सोडले तर आतल्या अणूला आपण फिल्ममध्ये आहोत की ठोकळ्यात हे कळण्याचे कारण नाही. कोअर्सिव्हिटीचे तसे नसते. ती त्या विशिष्ट फिल्मची कुंडली असते: कण केवढे आहेत, ताण किती आहे, पृष्ठभाग किती खडबडीत आहे, कणांच्या सीमांवर ऑक्साइड बसले आहे का, हे सगळे तिच्यात उतरते. म्हणून संपृक्त चुंबकन पुस्तकाशी जुळले नाही तर आधी मोजणीवर आणि जाडीवर शंका घ्यावी. कोअर्सिव्हिटी पुस्तकाशी जुळली तर मात्र मला काळजी वाटेल.

आता संपृक्त चुंबकनाकडे येऊ. तुमचा तुकडा पाव चौरस सेंटिमीटरचा आहे. १० नॅनोमीटरच्या फिल्मचा एकूण आघूर्ण तुमच्या आकड्यावरून ८६ मायक्रो-ईएमयू होतो, ६० नॅनोमीटरच्या फिल्मचा ६९३ आणि १५० नॅनोमीटरच्या फिल्मचा १७८५. प्रत्येक फिल्मसाठी भागाकार करून वेगळे चुंबकन काढण्याऐवजी हे तीन आघूर्ण जाडीसमोर आलेखात मांडा. ते एका सरळ रेषेवर बसतात. ६० ते १५० नॅनोमीटरच्या टप्प्यातला चढ काढला तर ४८५ मिळतो, आणि १० ते ६० च्या टप्प्यातलाही तितकाच मिळतो. म्हणजे फिल्मचे अंतरंग पुस्तकातल्याच निकेलचे आहे, आणि तुमचा जाडी मोजणारा क्वार्ट्झ मॉनिटरही खरे सांगतो आहे, नाहीतर चढ वेगळा आला असता. फक्त ही रेषा शून्यातून जात नाही. ती जाडीच्या अक्षाला सुमारे ३ नॅनोमीटरवर छेदते. याचा अर्थ प्रत्येक फिल्ममधले जवळपास ३ नॅनोमीटर निकेल चुंबकीयदृष्ट्या मृत आहे. दीडशे नॅनोमीटरमध्ये ३ गेले तर दोन टक्क्यांचा फरक पडतो. दहामध्ये ३ गेले तर तीस टक्क्यांचा. 'जाडी कमी झाल्यावर चुंबकन घटते' हे वाक्य तुमच्या आकड्यांतून निघत नाही. दोन्ही पृष्ठभागांवर मिळून ठराविक जाडीचा मृत थर आहे, एवढेच त्यांतून निघते.

हा मृत थर कुठून आला असेल? वरच्या बाजूचा सरळ आहे. फिल्म हवेत आली की तिच्यावर निकेल ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटरचा थर बसतो आणि निकेल ऑक्साइड लोहचुंबकीय नाही. खालची बाजू मात्र तुम्ही लक्षात घेतलेली दिसत नाही. निकेल आणि सिलिकॉन यांची प्रक्रिया होऊन निकेल सिलिसाइड बनायला दोनशे अंशांच्या आसपासच सुरुवात होते, आणि ते सिलिसाइडही लोहचुंबकीय नसते. वेफर, म्हणजे सिलिकॉनची चकती, हायड्रोफ्लोरिक आम्लात धुऊन लगेच चेंबरमध्ये ठेवला असेल तर सिलिकॉनचा पृष्ठभाग उघडा असतो आणि ही प्रक्रिया अधिकच सोपी होते. इथे सबस्ट्रेटचे तापमान पहिल्यांदा आडवे येते. औष्णिक ऑक्सिडेशन केलेला सिलिकॉन वापरा, म्हणजे मध्ये सिलिकॉन डायऑक्साइडची भिंत राहील. फिल्मवर चेंबर न उघडता अॅल्युमिनियमचा किंवा टँटलमचा ३ नॅनोमीटरचा झाकणथर द्या आणि तीच रेषा पुन्हा काढा. छेदबिंदू शून्याकडे सरकला तर निदान पक्के झाले असे समजा.

या ठिकाणी सिलिकॉनच्या स्वतःच्या संकेताबद्दलही विचारतो, कारण तो तुम्ही कसा वजा केला हे लिहिलेले नाही. सिलिकॉन प्रतिचुंबकीय आहे, म्हणजे क्षेत्राच्या उलट दिशेने किंचित चुंबकित होतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा तुमच्या आकाराचा तुकडा १० हजार एर्स्टेडच्या क्षेत्रात सुमारे ३२ मायक्रो-ईएमयूचा उलटा आघूर्ण देतो. १५० नॅनोमीटरच्या फिल्मसमोर तो नगण्य आहे, पण १० नॅनोमीटरच्या फिल्मच्या ८६ समोर तो एक तृतीयांशाहून जास्त होतो. उच्च क्षेत्रातला सरळ उतार काढून वजा करणे ही रीत बरोबर आहे, पण त्या क्षेत्रात फिल्म पूर्ण संपृक्त झालेली असली पाहिजे. क्षेत्र प्रतलात, म्हणजे फिल्मच्या पृष्ठभागाला समांतर, असेल तर निकेल काहीशे एर्स्टेडमध्ये संपृक्त होते. क्षेत्र फिल्मला लंब असेल तर निकेलला ६१०० एर्स्टेड लागतात, कोबाल्टला साडेसतरा हजारांच्या वर आणि लोखंडाला साडेएकवीस हजार. लोखंडाची फिल्म १० हजारांच्या यंत्रावर लंब दिशेने मोजून तिच्या उतारालाच सबस्ट्रेटचा उतार समजणारे मी परीक्षक म्हणून एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. त्याच वेफरचा, त्याच आकाराचा कोरा तुकडा त्याच होल्डरवर मोजून ठेवणे हा सर्वांत निर्धास्त उपाय. एक जादा रन होतो, पण पुढचे पाच वाद टळतात.

आता २० नॅनोमीटरची फिल्म. वरच्या रेषेप्रमाणे तिचा आघूर्ण २०७ मायक्रो-ईएमयू असायला हवा, तुम्हाला २६५ मिळाला. ४८५ च्या वर ५३० येणे म्हणजे निकेलच्या अणूचा आघूर्ण वाढणे, आणि त्याला भौतिकशास्त्रात आधार शोधण्याआधी चिमटा शोधावा. जादाचे ५८ मायक्रो-ईएमयू द्यायला लोखंडाचा केवढा कण लागतो? फक्त ३२ मायक्रोमीटर बाजूचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही लहान. डोळ्यांनी तो दिसत नाही. वेफर स्टीलच्या चिमट्याने धरला, टेबलावर आदल्या दिवशी कोणी हॅकसॉ चालवला होता, किंवा तुकडा ज्या डबीत ठेवला तिच्या झाकणाला गंज होता, यांपैकी काहीही पुरते. माझ्या स्वतःच्या कामात एकदा सलग तीन महिने कोबाल्टचे आकडे वर येत होते आणि आम्ही त्याला पृष्ठभागावरील वाढीव आघूर्णाचे नाव देऊन मसुदाही लिहायला घेतला होता. शेवटी कळले की वेफर तोडण्याआधी तो ज्या फरशीवर ठेवायचो, तिच्या शेजारीच कार्यशाळेतला मुलगा ड्रिल मशीनची पाती घासायचा. मसुदा तसाच फाइलमध्ये राहिला.

सुदैवाने लोखंडाचा कण आपली खूण सोडतो. तो साधारण गोलसर असेल तर त्याचे विचुंबकन क्षेत्र (स्वतःच्याच चुंबकनाला विरोध करणारे क्षेत्र) मोठे असते आणि तो संपृक्त व्हायला सुमारे ७ हजार एर्स्टेड लागतात. म्हणून २० नॅनोमीटरचा लूप पुन्हा उघडून पाहा: निकेलचा भाग काहीशे एर्स्टेडला सपाट झाल्यावरही वक्र ७ हजारांपर्यंत हळूहळू चढत असेल, तर चोर सापडला. त्याच वेफरचा दुसरा तुकडा प्लास्टिकच्या किंवा टायटॅनियमच्या चिमट्याने उचलून, एसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिकने धुऊन पुन्हा मोजा. जोवर तो आकडा रेषेवर येत नाही, तोवर हा बिंदू आलेखात घालू नये.

कोअर्सिव्हिटीवर थोडे थांबावे लागेल, कारण इथेच सर्वांत जास्त चुकीची वाक्ये लिहिली जातात. कण लहान झाले की कोअर्सिव्हिटी वाढते, असे पाठ्यपुस्तकातून डोक्यात बसलेले असते. ते एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. कण मोठे असतात तेव्हा त्यांच्या सीमा डोमेनच्या, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित असलेल्या भागांच्या, भिंतींना अडवतात. कण लहान होत जातात तसतशा सीमा वाढतात आणि कोअर्सिव्हिटीही वाढते. पण कणाचा आकार विनिमय अंतराच्या (शेजारच्या अणूंचे आघूर्ण एका दिशेत बांधणारी पकड जिथवर पुरते त्या अंतराच्या) खाली गेला की चित्र उलटते. शेजारचे कण एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात की प्रत्येक कणाची सोपी दिशा वेगळी असली तरी चुंबकन ती पाळू शकत नाही. ते अनेक कणांच्या सरासरीवर चालते, आणि सरासरीत अॅनायसोट्रॉपी, म्हणजे ठराविक दिशेकडचा हा ओढा, जवळपास पुसली जाते. गीसेलहेर हर्झर यांनी १९९० च्या सुमारास लोखंडाच्या नॅनोस्फटिकी पट्ट्यांसाठी दाखवले की या टप्प्यात कोअर्सिव्हिटी कणाच्या आकाराच्या सहाव्या घाताने बदलते. आकार निम्मा केला तर कोअर्सिव्हिटी चौसष्टपट कमी. ट्रान्सफॉर्मरसाठी वापरले जाणारे नॅनोस्फटिकी मिश्रधातू इतके मृदू असण्याचे रहस्य हेच आहे. फिल्ममध्ये हा सहावा घात जसाच्या तसा लावू नये, कारण जाडी कमी असली की सरासरीत येणारे कण एका-दोन थरांपुरतेच उरतात. पण दिशा तीच राहते.

निकेलसाठी हे अंतर सुमारे ४० नॅनोमीटर आहे. विनिमय स्थिरांकाला (अणूंमधल्या त्या पकडीच्या मापाला) स्फटिकी अॅनायसोट्रॉपीने भागून वर्गमूळ काढले की ते मिळते. त्यात निकेलची स्फटिकी अॅनायसोट्रॉपी सुमारे ५ हजार ज्यूल प्रति घनमीटर धरली आहे. तुमचे कण १५ ते २० नॅनोमीटरचे आहेत. तेव्हा केवळ कणांचा आकार हे कारण असते, तर तुमच्या फिल्म मऊ असायला हव्या होत्या. ७० ते ११० एर्स्टेड म्हणजे दुसरे काहीतरी काम करत आहे, आणि माझा संशय ताणावर आहे.

ताणाचा हिशेब करून पाहू. निकेलचे औष्णिक प्रसरण सिलिकॉनच्या सुमारे पाचपट आहे: अंशाला १३.४ आणि २.६ दशलक्षांश. फिल्म २०० अंशांना चिकटली आणि मग २५ अंशांपर्यंत थंड झाली, तर तिला जितके आकसायचे होते तितके सिलिकॉन आकसू देत नाही. उरलेली विकृती सुमारे ०.१९ टक्के होते, आणि निकेलच्या द्विअक्षीय मापांकाने (प्रतलात दोन्ही दिशांनी ताणतानाच्या कडकपणाने) गुणले की अर्ध्या गिगापास्कलच्या थोडा वर ताण निघतो. हा केवळ थंड होण्याचा ताण आहे, बाष्पीभवनाने वाढलेल्या फिल्ममध्ये मुळातच असणारा ताण निराळा. निकेलचे मॅग्नेटोस्ट्रिक्शन (चुंबकनाबरोबर लांबीत होणारा बदल) ऋण आहे, उणे ३४ दशलक्षांश, म्हणजे ताणलेल्या दिशेने चुंबकन जायला नाखूश असते. अर्धा गिगापास्कल धरला तर ताणातून येणारी अॅनायसोट्रॉपी सुमारे २५ हजार ज्यूल प्रति घनमीटर होते. स्फटिकी अॅनायसोट्रॉपीच्या ती पाचपट झाली. तिचे समतुल्य क्षेत्र हजार एर्स्टेडच्या वर जाते. ताण सगळीकडे सारखा असता तर त्याने फक्त दिशा ठरवली असती, पण तो कणागणिक आणि स्तंभागणिक बदलतो, आणि त्या चढउतारांतून सत्तर-ऐंशी एर्स्टेडची कोअर्सिव्हिटी येणे अगदी स्वाभाविक आहे.

याची खातरजमा करण्याचा एक स्वस्त मार्ग म्हणजे त्याच चेंबरमध्ये, त्याच तापमानाला पर्मलॉयची, म्हणजे ८० टक्के निकेल आणि २० टक्के लोखंडाच्या मिश्रधातूची फिल्म करणे. या प्रमाणाला मॅग्नेटोस्ट्रिक्शन जवळपास शून्य असते, त्यामुळे ताण कितीही असला तरी चुंबकनाला तो जाणवत नाही. कोअर्सिव्हिटी काही एर्स्टेडवर उतरली तर निकेलच्या फिल्ममध्ये दोषी ताणच होता. उतरली नाही तर खडबडीतपणा आणि कणांच्या सीमांवरचे ऑक्साइड तपासावे लागेल. टंगस्टनच्या बोटीतून, म्हणजे धातू तापवायच्या पात्रातून, मिश्रधातू उडवताना त्याचे प्रमाण थोडे सरकते आणि निकेल बोटीलाही खाते, म्हणून अॅल्युमिनाचा लेप असलेली बोट घ्या आणि फिल्मचे प्रमाण ईडीएक्सवर (क्ष-किरणांवरून घटकांचे प्रमाण काढणाऱ्या यंत्रावर) पाहून घ्या.

सीमांवरच्या ऑक्साइडचा उल्लेख केला, तर तुमच्या निर्वाताबद्दलही बोलले पाहिजे. एक मायक्रो-टॉर दाबाला, आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला असे धरले, तर वायूचा एक अणुथर बसायला साधारण एक सेकंद लागतो. तुमचा दाब त्याच्या जवळपास चौपट आहे. तुमच्या वेगाने निकेलचा एक थर बसायला दोन सेकंद लागतात, म्हणजे निकेलच्या प्रत्येक थरामागे पृष्ठभागावर वायूचे सात-आठ थर येऊन आदळतात. सगळे चिकटत नाहीत, आणि तुमची रेषा पाहता अंतरंग फारसे बिघडलेलेही नाही, पण कणांच्या सीमा त्यातला वाटा घेतात. वेग सेकंदाला अर्धा ते एक नॅनोमीटर करा. निकेलच्या आधी शटर बंद ठेवून थोडे टायटॅनियम उडवले तर भिंतींवरचे टायटॅनियम उरलेला ऑक्सिजन आणि बाष्प ओढून घेते आणि दाब डोळ्यांदेखत खाली येतो.

आणि एक नागपुरी गोष्ट. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बऱ्याच प्रयोगशाळांत खिडकीला कूलर लागतो, आणि तो लागतोच. पंचेचाळीस अंशांत दुसरा इलाज नसतो. पण कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी घालून. त्या हवेत चेंबर उघडला की स्टीलच्या भिंतींवर पाण्याचे थर बसतात, आणि ५ मायक्रो-मिलिबारला जो वायू उरतो त्यातला बहुतांश हाच असतो. ज्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे घालवली, तिथे उन्हाळ्यातल्या फिल्म हिवाळ्यातल्यांपेक्षा नेहमी कठीण निघायच्या. आम्ही पंपाच्या तेलाला आणि दाब मोजणाऱ्या पेनिंग गेजला दोष देत राहिलो. एका मे महिन्यात कूलरचे गवत बदलायचे म्हणून तो दोन दिवस बंद होता, आणि त्या दोन दिवसांत त्याच दाबापर्यंत पोहोचायला निम्मा वेळ लागला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर चेंबर कोरड्या नायट्रोजनने भरूनच उघडायचा आणि तेवढा वेळ कूलर बंद ठेवायचा, असा नियम केला. घाम यायचा, पण फिल्म सुधारल्या. तुमची चार फिल्म वेगवेगळ्या महिन्यांत झाली असतील, तर त्यांच्या तारखाही जाडीबरोबर नोंदवा.

१५० नॅनोमीटरचा तिरका लूप पाहून मला खरे तर आनंद झाला, कारण ताणाची शंका तो स्वतःच पक्की करतो. ताण प्रतलात दोन्ही दिशांनी आहे आणि मॅग्नेटोस्ट्रिक्शन ऋण आहे, म्हणून चुंबकनाला प्रतलाबाहेर उभे राहावेसे वाटते. उलट फिल्मचा सपाट आकार त्याला प्रतलात दाबून ठेवतो. निकेलसाठी या आकाराची किंमत सुमारे दीड लाख ज्यूल प्रति घनमीटर आहे, ताणाच्या सहापट. पातळ फिल्ममध्ये आकार जिंकतो. जाडी एका मर्यादेपलीकडे गेली की चुंबकन तडजोड करते: बहुतांशी प्रतलातच राहते, पण एका पट्ट्यात थोडे वर आणि शेजारच्या पट्ट्यात थोडे खाली झुकते, जेणेकरून विचुंबकन क्षेत्र कमी राहील आणि ताणाचेही थोडे ऐकले जाईल. सायतो, फुजिवारा आणि सुगिता यांनी १९६४ मध्ये ऋण मॅग्नेटोस्ट्रिक्शनच्या निकेल-लोह फिल्मसाठी हे पट्टेदार डोमेन मांडले. ही मर्यादा विनिमय स्थिरांकाला लंब अॅनायसोट्रॉपीने भागून, वर्गमूळ काढून, दोन पायने गुणल्यावर मिळते. आपला २५ हजारांचा आकडा घातला तर ती ११० ते १२५ नॅनोमीटर येते. तुमची ६० ची फिल्म या मर्यादेच्या अलीकडे आहे, १५० ची पलीकडे. लूपचा तिरका भाग म्हणजे झुकलेले पट्टे क्षेत्राबरोबर हळूहळू प्रतलात येणे, आणि रेमनन्स कमी असण्याचे कारणही तेच.

एमएफएमवर (चुंबकीय बल सूक्ष्मदर्शकावर) ही फिल्म पाहिलीत तर काळेपांढरे समांतर पट्टे दिसतील आणि एका पट्ट्याची रुंदी फिल्मच्या जाडीच्या जवळपास असेल. फिल्म प्रतलात एका दिशेने संपृक्त करून क्षेत्र काढले की पट्टे त्याच दिशेने आखले जातात. दिशा बदलून पुन्हा केले की पट्टेही वळतात. हा फिरता स्वभाव दाखवता आला तर तुमच्या प्रबंधातले ते सर्वांत भक्कम पान होईल. एक फिल्म तापवल्याशिवाय, नेहमीच्या तापमानाला करा. पट्टे नाहीसे झाले, किंवा मर्यादा पुढे सरकली, तर तापमान, ताण आणि लूपचा आकार ही साखळी पूर्ण जोडली जाते. मूळचा ताण उरेलच, त्यामुळे कोअर्सिव्हिटी एकदम एक एर्स्टेडवर येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

राहिला १० नॅनोमीटरच्या लूपचा सरक. वरच्या निकेल ऑक्साइडमुळे विनिमय अभिनती, म्हणजे शेजारच्या थराच्या पकडीने लूप एका बाजूला सरकणे, आली, असे लिहिण्याचा मोह होतो, कारण निकेल ऑक्साइड प्रतिलोहचुंबकीय आहे (त्यात शेजारचे आघूर्ण उलटसुलट लागून एकमेकांना रद्द करतात) आणि त्याचे नील तापमान, ज्याच्या वर ही रचना मोडते, ५२५ केल्व्हिन, म्हणजे खोलीच्या तापमानापेक्षा बरेच वर आहे. पण ते ठोकळ्याचे. एक-दोन नॅनोमीटरच्या अव्यवस्थित ऑक्साइडची पकड खोलीच्या तापमानाला टिकत नाही. शिवाय अभिनतीला दिशा मिळण्यासाठी फिल्म क्षेत्रात थंड झालेली असावी लागते किंवा क्षेत्रातच वाढलेली असावी लागते. तुम्ही यांतले काही केलेले नाही. विद्युतचुंबकात उरलेले क्षेत्र किंवा क्षेत्र मोजणाऱ्या हॉल प्रोबचा शून्यदोष १२ एर्स्टेड सहज देतो. पाच मिनिटांची परीक्षा करा: तुकडा होल्डरवर १८० अंशांत फिरवून लूप पुन्हा घ्या. अभिनती खरी असेल तर सरक दुसऱ्या बाजूला जाईल. तो त्याच बाजूला राहिला तर तो यंत्राचा आहे.

विनिमय अभिनती खरोखरच अभ्यासायची असेल तर विषय सुंदर आहे. माइकलजॉन आणि बीन यांना ती १९५६ मध्ये ऑक्साइडचे कवच असलेल्या कोबाल्टच्या कणांत सापडली. कोबाल्ट ऑक्साइडचे नील तापमान सुमारे २९१ केल्व्हिन, म्हणजे जेमतेम १८ अंश सेल्सिअस. आपल्या गावात ते डिसेंबरच्या रात्री सोडले तर कधी भेटत नाही, म्हणून द्रव नायट्रोजनची सोय लागते. खोलीच्या तापमानाला टिकणारी अभिनती हवी तर इरिडियम आणि मँगनीजचा मिश्रधातू वापरतात. हार्ड डिस्कच्या वाचकशीर्षात तोच असतो. नागपूरजवळच्या मनसरच्या मँगनीज खाणीमुळे आपल्याला मँगनीज म्हटले की पोलाद आठवते, पण त्याचा हा धंदाही आहे.

आता २ नॅनोमीटरच्या फिल्मबद्दल. सध्याच्या पद्धतीने ती करू नका. तुमचा मृत थरच ३ नॅनोमीटरचा आहे, म्हणजे मोजायला काही उरणारच नाही. झाकणथर आणि ऑक्साइडचा सबस्ट्रेट घेऊनही निकेल इतक्या कमी जाडीला सलग पसरेल याची खात्री नसते. ते बेटाबेटांनी वाढते, आणि सुट्या बेटांचे वागणे फिल्मपेक्षा निराळे. बेटाची ऊर्जाभिंत औष्णिक ऊर्जेच्या सुमारे पंचवीसपटीच्या खाली गेली की शंभर सेकंदांच्या मोजणीत त्याचे चुंबकन स्वतःहून उलटत राहते, आणि लूपमधली कोअर्सिव्हिटी शून्य होते. केवळ स्फटिकी अॅनायसोट्रॉपी धरली तर निकेलच्या गोल कणासाठी ही सीमा खोलीच्या तापमानाला ३४ नॅनोमीटर व्यासाची आहे, कोबाल्टसाठी ८ च्या जवळ. तुम्हाला हे सुपरपॅरामॅग्नेटिक वागणे दाखवायचे असेल, तर शून्य क्षेत्रात आणि क्षेत्रात थंड करून घेतलेले दोन वक्र लागतील आणि एसक्यूआयडीसारखे (अतिसंवाहकावर चालणाऱ्या चुंबकमापकासारखे) संवेदनशील यंत्र लागेल. इंदूरच्या यूजीसी-डीएई संशोधन केंद्राकडे त्यासाठी प्रस्ताव पाठवता येतो.

पृष्ठभागाचा खरा परिणाम बघायचा असेल तर निकेल सोडून कोबाल्टकडे जा. लुई नील यांनी १९५४ मध्येच पृष्ठभागाची स्वतंत्र अॅनायसोट्रॉपी असते असे मांडले होते. तिचा वाटा जाडीच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. पॅलेडियमच्या दोन थरांमध्ये कोबाल्ट नॅनोमीटरभर किंवा त्याहून कमी ठेवला की ती आकारावर मात करते आणि चुंबकन आपोआप लंब उभे राहते. कार्सिया आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे बहुथरांमध्ये दाखवले. मॅग्नेशियम ऑक्साइडला लागून असलेल्या कोबाल्ट-लोह-बोरॉनच्या १.३ नॅनोमीटरच्या थरातही तेच होते, आणि २०१० नंतरच्या चुंबकीय मेमरीचा बराच डोलारा त्यावर उभा आहे. अशा फिल्मसाठी मात्र स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने धातू उडवण्याची पद्धत) आणि तुमच्यापेक्षा किमान दहापट चांगला निर्वात लागेल.

सध्या हातात आहे त्यावर पुढचे दोन महिने पुरतील एवढे काम आहे. २० नॅनोमीटरचा दुसरा तुकडा, १० नॅनोमीटरचा फिरवलेला लूप आणि कोरा सिलिकॉन हे तीन रन याच आठवड्यात घ्या. त्यांना नवीन फिल्म लागत नाही. व्हीएसएमचे कॅलिब्रेशन निकेलच्या गोळीने केले असेल, तर एकदा तुमच्या चौकोनी तुकड्याच्या आकाराचा निकेलचा पत्रा कापून, वजन करून मोजा. ग्रॅमला सुमारे ५५ ईएमयू यायला हवेत. गोळी आणि सपाट तुकडा यांना यंत्राच्या कॉइल सारखेच पाहत नाहीत, आणि तो फरक काही टक्क्यांचा असू शकतो. पत्रा कापायची कात्री स्टीलची असेल तर कडा आम्लात घासून घ्यायला विसरू नका.